पिशवी काढायची घाई नको, पण अंगावरही काढू नका

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी ४२ वर्षांची आहे. घणसोलीला राहते, ठाण्यात एका पतपेढीत नोकरी करते. दोन मुलं आहेत. मुलगी पंधरा वर्षांची, धाकट्याच्या वेळी सिझर झालं होतं. गेली तीनेक वर्षं पाळीचा फार त्रास होतोय. आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, पहिले तीन दिवस गाठी पडतात. ट्रेनमध्ये जागा मिळाली तरी डाग पडेल या भीतीने मी उभीच असते. कंबर आणि ओटीपोट इतकं दुखतं की गोळी घेतल्याशिवाय कॅशला बसवत नाही. आता तर पाळी नसतानाही ओटीपोटात जड जड वाटतं. सोनोग्राफीत 'बल्की यूटेरस, सजेस्टिव्ह ऑफ ॲडेनोमायोसिस' असं आलंय. जवळच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, "दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका, पुढच्या आठवड्यातली तारीख देतो." माझ्या नणंदेची ३८व्या वर्षी काढली. तेव्हापासून तिला रात्री घामाने झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, पाळी जायच्या आधी असंच जातं, सहन कर, आमच्या वेळी कुठे होते असले आजार. मिस्टर विचारतात, कॅन्सर तर नाही ना? एका मैत्रिणीने मिरेना बसवून घे म्हणून सांगितलं, पण त्याने पाळीच बंद होते म्हणे. मग ते रक्त जातं कुठे? आणि माझ्या मुलीलाही हे होईल का? सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाठवते. चिठ्ठीतलं अक्षर मला लागलं नाही.

– एक वाचक, घणसोली

उत्तर :

ताई,

तुम्ही तीन कागदांचे फोटो पाठवलेत. पत्रभर चर्चा सोनोग्राफीची आहे. मी मात्र अडकले ती रक्ताच्या रिपोर्टवर, आणि त्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही. हिमोग्लोबिन ८.१. बाईचं ते निदान १२ असायला हवं. ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर उभ्या आहात. ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागते का, संध्याकाळी भाकरी थापताना चक्कर येते का, केस गळतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण यातलं काही ना काही होत असणार आणि ते तुम्ही 'दगदग' या खात्यावर टाकलेलं असणार.

म्हणून पहिलं काम गर्भाशयाचं नव्हे, रक्ताचं. इतक्या कमी हिमोग्लोबिनवर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करायचं तर रक्ताच्या बाटल्या चढवूनच करावं लागेल. आणि तुमचं ऑपरेशन काही आणीबाणीचं नाही. ती तारीख आजच फोन करून रद्द करा. नंतर ऑपरेशन करायचं ठरलंच तरी ते रक्त भरून आल्यावर, निवांत आणि कमी जोखमीत होईल.

लोहाची गोळी डॉक्टरांनी आधीच दिलेली दिसते. ती कशी घेता? आपल्याकडे बऱ्याच बायका नाश्ता, चहा आणि गोळी एकाच बैठकीत उरकतात, आणि मग 'गोळीने काही फरक पडत नाही' म्हणतात. चहा-कॉफीने लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. चहाच्या आधी किंवा नंतर दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पोट बिघडत असेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. बरेच जण आता ती एक दिवसाआडही देतात. आणि दर महिन्याला इतकं जात असेल तर गोळीने भरणारं रक्त पाळीच घेऊन जाते. अशा वेळी शिरेतून लोह देता येतं. एक-दोन वेळा सलाईनमधून दिलं की महिन्याभरात फरक दिसतो. हे विचारायला लाजू नका. बीट, खजूर आणि गूळ खायला माझी हरकत नाही, पण ८.१ चं १२ बिटाने होत नाही.

आता तुमच्या आजाराकडे वळू.

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि पाळीत गळून जातं. त्याच्या बाहेर स्नायूंची जाड भिंत असते. ॲडेनोमायोसिसमध्ये या अस्तराच्या पेशी स्नायूंच्या भिंतीत घुसून बसतात. तिथेही त्या दर महिन्याला हॉर्मोनच्या तालावर फुगतात, रक्ताळतात, पण तिथून बाहेर पडायला वाट नाही. भोवतीचा स्नायू सुजतो, जाड होतो, आवळतो. म्हणून कळा येतात. एरवी पाळीत स्नायू आकुंचन पावून रक्तवाहिन्या दाबतात आणि रक्त थांबवतात. इथे भिंतच जाडजूड आणि बेताल झालेली, शिवाय गर्भाशय मोठं झाल्याने आतलं अस्तरही जास्त. म्हणून रक्त थांबत नाही, गाठी पडतात. पाळी नसताना वाटणारा तो जडपणा, काहींना संबंधांच्या वेळी खोलवर होणारी वेदना (तुम्ही लिहिलं नाहीत, बहुतेक जणी लिहीत नाहीत, पण असेल तर डॉक्टरांना सांगा), हे सगळं त्याच कारणाने.

फायब्रॉइड आणि हे एक नव्हे, हे इथेच सांगते, कारण शेजारपाजारच्या सल्ल्यात दोन्हीला 'गाठ' म्हणतात. फायब्रॉइड लाडवातल्या बेदाण्यासारखा असतो, नखाने उचलून बाजूला काढता येतो. ॲडेनोमायोसिस म्हणजे कणकेत मुरलेलं मोहन. ते वेगळं काढायला जागाच नसते. म्हणूनच यात 'फक्त आजारी भाग काढा आणि पिशवी ठेवा' हे ऑपरेशन फार अवघड असतं. मूल हवं असलेल्या मोजक्या जणींसाठी ते निवडक ठिकाणी करतात. तुमचा तो प्रश्न नाही.

हे का होतं याचं पक्कं उत्तर आजही नाही. इस्ट्रोजेनवर पोसणारा आजार आहे, एवढं नक्की. बाळंतपण, सिझर, क्युरेटिंग अशा वेळी अस्तर आणि स्नायू यांच्यामधली सीमा दुखावते आणि पेशी आत शिरतात, असं एक मत आहे. पण एकही बाळंतपण न झालेल्या मुलींनाही हा आजार होतो. तेव्हा 'सिझर केलं म्हणून झालं' अशी टोचणी लावून घेऊ नका, आणि कुणी लावली तर ऐकून घेऊ नका. जड उचलण्याने, गरम खाण्याने, मांडी घालून न बसल्याने तो होत नाही. 'पिशवी शुद्ध करणाऱ्या' काढ्याची जाहिरात तुमच्याही फोनवर आली असेल. स्नायूत मुरलेल्या पेशी काढ्याने विरघळत नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीने मात्र कळ खरोखर कमी होते, ती खुशाल घ्या.

सासूबाईंच्या 'आमच्या वेळी कुठे होते' ला माझ्याकडे उत्तर आहे. कार्ल फॉन रोकिटान्स्की या व्हिएन्नाच्या पॅथॉलॉजिस्टने १८६० मध्येच याचं वर्णन केलं होतं. पण पुढची शंभरेक वर्षं हा आजार कळायचा तो गर्भाशय काढून, त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच. साहजिकच 'चाळिशीच्या पुढच्या, दोन-तीन मुलं झालेल्या बायकांचा आजार' अशी त्याची ओळख झाली, कारण गर्भाशय काढलं जायचं त्याच बायकांचं. आता चांगल्या सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये तो ऑपरेशनशिवाय दिसतो, आणि पंचवीस-तिशीतल्या मुलींमध्येही सापडतो. सासूबाईंच्या वेळीही तो होता. अंगावरून जाणाऱ्या बाईला कोपऱ्यात बसवायचे, तिची तपासणी कोण करणार?

तुमचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आता माझ्याबरोबर वाचा. गर्भाशयाची लांबी ११.२ सेंटिमीटर आहे. दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं साधारण आठ-नऊ असतं, म्हणजे तुमचं मोठं आहे, पण अवाढव्य नाही. नुसता 'बल्की' हा शब्द मला कधीच पुरत नाही. मुलं झालेल्या कितीतरी बायकांच्या रिपोर्टवर तो असतो आणि त्यांना काहीही होत नसतं. आपल्याकडे त्याचं 'पिशवीला सूज' होतं आणि त्या सुजेच्या नावाखाली चांगली गर्भाशयं गेलेली आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये मात्र पुढे नेमकं लिहिलंय. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जाड, स्नायूत बारीक पाण्याच्या पोकळ्या, पंख्यासारख्या सावल्या, अस्तर आणि स्नायूंमधली रेघ पुसट. २०१५ साली सोनोग्राफीतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जी लक्षणं ठरवली त्यातली ही आहेत, आणि तुमचा त्रासही त्यांच्याशी जुळतो. तेव्हा निदान पटण्यासारखं आहे. अस्तर ९ मिलिमीटर. दोन्ही बीजकोश नॉर्मल. हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

ही सोनोग्राफी पोटावरून केलेली आहे. योनीमार्गातून केलेली जास्त स्पष्ट दिसते. बऱ्याच जणी संकोचाने नको म्हणतात. प्रोब बोटापेक्षा थोडा जाड असतो, वर कव्हर असतं, पाचेक मिनिटांचं काम, आणि स्त्री डॉक्टर मागायचा हक्क तुम्हाला आहे. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. फायब्रॉइड की ॲडेनोमायोसिस असा घोळ असेल किंवा ऑपरेशनची आखणी करायची असेल तरच.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हा कॅन्सर नाही. याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अत्यंत दुर्मीळ. पण चाळिशी उलटलेल्या बाईला इतकं जात असेल तर ॲडेनोमायोसिसच्या आडून दुसरं काही लपलेलं नाही ना, हे पाहायलाच हवं. त्यासाठी अस्तराचा तुकडा तपासतात. बारीक नळीने ओपीडीतच घेता येतो, थोडी कळ येते. सोबत पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) आणि थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी. तुमच्या कागदांत यातलं काहीच नाही. तपासणीआधीच काढून टाकायचा निर्णय झाला, ही मला खटकलेली गोष्ट.

दुसरी खटकलेली गोष्ट त्या चिठ्ठीत आहे. तुम्हाला न लागलेलं अक्षर असं आहे : 'टीएएच विथ बीएसओ'. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढणे. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि दोन्ही बीजकोशही काढणे. तुमचे बीजकोश नॉर्मल आहेत, हे त्याच सोनोग्राफीत लिहिलंय. मग ते का काढायचे? ॲडेनोमायोसिसचा आजार गर्भाशयात असतो, बीजकोशांत नाही. ४२व्या वर्षी ते काढले की रजोनिवृत्ती रातोरात येते. अंगाची लाही, रात्रीचा घाम, उडालेली झोप, कोरडेपणा, आणि पुढे न दिसणारं नुकसान म्हणजे ठिसूळ होणारी हाडं आणि हृदयविकाराचा वाढता धोका. तुमच्या नणंदेचे कागद मी पाहिलेले नाहीत. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते नुसती पिशवी काढल्याचं वाटत नाही. त्यांना त्यांचा डिस्चार्ज पेपर आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधायला सांगा. बीजकोश गेले असतील तर पन्नाशीपर्यंत हॉर्मोनची गोळी घ्यायची का, हाडांची तपासणी करायची का, हे त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना आता तरी विचारावं. त्यांच्यासाठी अजून उशीर झालेला नाही.

हे सगळं मी ऑपरेशनच्या विरोधात आहे म्हणून लिहीत नाही. उलट, बरोबर बाईला बरोबर वेळी केलेलं हे ऑपरेशन तिचं आयुष्य परत देतं. ॲडेनोमायोसिस मुळासकट जाण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे, कारण आजार जिथे असतो ते गर्भाशयच राहत नाही. मला राग आहे तो पाच मिनिटांचा. महाराष्ट्राने हे पाहिलेलं आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कशी सर्रास काढली गेली हे २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. 'मूल झालंय, आता काय कामाची' हा विचार गावात जसा चालतो तसा घणसोलीच्या सेक्टरांतही चालतो, फक्त एसी दवाखान्यात.

मग तुमच्यापुढे काय काय आहे? आधी एक हिशेब मांडा. हा आजार पाळी कायमची गेली की शमतो. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, काहींची पन्नाशीनंतरही जाते. म्हणजे तुम्हाला साधारण पाच ते आठ वर्षं निभावून न्यायची आहेत. सासूबाईंचं 'पाळी गेली की थांबेल' हे खरंच आहे, फक्त ८.१ वर ती वर्षं निघणार नाहीत.

या हिशेबात मिरेना फार छान बसते, म्हणून मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. ती इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची बारीक कांडी असते. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हॉर्मोन असतं आणि ते थोडं थोडं करून थेट गर्भाशयातच झिरपतं. रक्तात फार कमी उतरतं. बसवायला दहा मिनिटं, ओपीडीत. जास्त रक्तस्रावासाठी ती पाच वर्षं चालते, नंतर बदलता येते. कॉपर टीशी गल्लत करू नका, कॉपर टीने रक्तस्राव वाढतो. देशी बनावटीच्याही मिळतात, किमतीत बराच फरक पडतो, डॉक्टरांना विचारा.

आणि ते रक्त जातं कुठे? कुठेच जात नाही, कारण ते तयारच होत नाही. या हॉर्मोनने गर्भाशयाचं अस्तर कागदासारखं पातळ राहतं. जाड झालंच नाही तर गळणार काय? पोटात साठत नाही, डोक्यात चढत नाही, अंगाला येत नाही. बीजकोश त्यांचं काम करत राहतात. तुमची रजोनिवृत्ती लवकर येत नाही.

पण मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली नसेल. पहिले तीन ते सहा महिने वैताग असतो. रोज थोडं थोडं लागत राहतं, तारखेचा पत्ता नसतो, आणि बऱ्याच बायका तिसऱ्या महिन्यात 'काढून टाका' म्हणून येतात. तेवढे महिने काढले तर बहुतेकींचं जाणं खूप कमी होतं, काहींची पाळी थांबतेच, दुखणंही उतरतं. गर्भाशय मोठं असेल तर ती निसटून पडण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणून धागा तपासायला दिलेल्या तारखेला जा. तुमचं ११ सेंटिमीटरचं आहे, प्रयत्न करून पाहण्यासारखं. अस्तराच्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र आधी हातात हवा.

मिरेना नको असेल तर डायनोजेस्ट या हॉर्मोनची २ मिलिग्रॅमची रोज एक गोळी आहे. दुखण्यावर ती उत्तम. रक्तस्रावाच्या बाबतीत सुरुवातीला लहरी असते आणि मोठ्या गर्भाशयात कधी कधी धो धो जातं, म्हणून तुमच्या हिमोग्लोबिनवर ती लगेच सुरू करायला मी कचरेन. काही जणींचा मूड फार उतरतो, तसं झालं तर सहन करत बसू नका. इंजेक्शन देऊन काही महिने तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात, तेही आहे. गर्भाशय आक्रसतं, रक्त भरून काढायला उसंत मिळते, पण हाडांमुळे ते फार काळ देत नाहीत आणि थांबवलं की आजार परततो. गर्भाशयाच्या रक्तवाहिनीत बारीक कण सोडून तिचा पुरवठा तोडण्याची पद्धत मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत होते. ऑपरेशन टाळायचंच असेल तर विचारा.

हे सगळं ठरेपर्यंतच्या महिन्यांसाठी दोन गोळ्या. वेदनेची मेफेनॅमिक ॲसिडची गोळी तुम्ही घेताच, पण कळ असह्य झाल्यावर. ती पाळीच्या पहिल्या ठिपक्याबरोबर सुरू करा, भरल्या पोटी, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत, दोन-तीन दिवस. उशिरा घेतलेली गोळी कळेच्या मागे धावत राहते. ॲसिडिटी, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. रक्त कमी करायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड असतं, जास्त जातं तेवढेच चार-पाच दिवस. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही. दर महिन्याला घेतली तरी सवय लागत नाही, ती भीती सोडा. आणि एक विनंती. गौरी-गणपती जवळ आले की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर आणल्या जातात. तुमच्यासारखीला त्या थांबवल्यावर जो लोंढा येतो त्याने हिमोग्लोबिन एका झटक्यात आणखी खाली जाईल. यंदा गौरीचा नैवेद्य नणंदेला करू द्या.

मिरेना सहा-आठ महिने ठेवूनही भागलं नाही, किंवा तुम्ही स्वतःच म्हणालात की मला हे आता नकोच, तर गर्भाशय काढणं हा रास्त निर्णय आहे, पराभव नाही. तेव्हा डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. बीजकोश ठेवणार ना? (बीजवाहिन्या काढायला हरकत नाही, त्याने पुढे बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.) दुर्बिणीने किंवा खालून करता येईल का, की पोट उघडावं लागेल? माझं सिझर झालंय, मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, त्याचा विचार केलाय का? गर्भाशयाचं तोंडही काढणार का? संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात 'बीएसओ' किंवा 'ऊफोरेक्टॉमी' (म्हणजे बीजकोश काढणे) दिसलं आणि तुम्ही ते ठरवलेलं नसेल तर खोडायला लावा. नंतर सहा आठवडे भरलेली बादली आणि गॅसचं सिलिंडर तुमच्या हाताला लागता कामा नये, हे घरात आधीच जाहीर करा.

दुसरं मत कुठे घ्यायचं? घणसोलीहून ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय दोन स्टेशनांवर आहे, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय आहे, आणि तुमच्या ऑफिसपासून एका स्टेशनावर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तिथे मेडिकल कॉलेज आहे. सरकारी रांगेत एक सकाळ जाईल, पण तिथल्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन करून काही मिळवायचं नसतं, हा मोठा फायदा. सरकारी योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना तीन महिन्यांची नोंद घेऊन जा. किती पॅड, किती भिजलेले, नाण्यापेक्षा मोठ्या गाठी किती दिवस, कोणत्या दिवशी रजा टाकली. 'जास्त जातं' हे ऐकून डॉक्टर मान हलवतात. 'दुसऱ्या दिवशी दीड तासाला एक पॅड' हे ऐकून पेन उचलतात. शक्य असेल तर मिस्टरांना बरोबर न्या आणि आत बसवा. कॅन्सरचा प्रश्न त्यांनाच विचारू दे.

तासाला एक पॅड भिजतोय आणि सलग दोन-तीन तास तसंच चाललंय, छातीत धडधडतंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, असं झालं तर मात्र नोंदवही बाजूला ठेवा. ट्रेन नको, रिक्षाने थेट जवळचं रुग्णालय गाठा.

मुलीबद्दल. आईला आहे म्हणून तिला होईलच असं काही नाही. पण पंधराव्या वर्षी पाळीत तिची शाळा बुडते का, ती उलट्या करते का, गोळी घेऊनही गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते का, एवढं पाहा. असेल तर 'लग्न झालं की थांबेल' हे ऐकायची वेळ तिच्यावर आणू नका, दाखवून घ्या. आणि तिला तुमचा आजार नाव घेऊन सांगा. दर महिन्याला आई तीन दिवस का चिडलेली असते, याचे तर्क ती करतच असेल.